व्यवसाय कर : लागू नाही

मला राग पटकन येतो हे आमच्या बोळात सगळ्यांना माहीत आहे. येतो तसा जातोही. पण एक राग असा आला की तो अजून पुरता उतरलेला नाही, आणि तो आणला आमच्या ह्यांनी, खडूनं फरशीवर लिहून.

हे एका सरकारी कचेरीत कारकून होते. नोकरीभर दुसऱ्यांच्या फायली सांभाळल्या, आणि रिटायर झाल्यावर ह्यांना एकाएकी साक्षात्कार झाला की आपण सोलापुरात राहून उगीच पैसे वाटतोय. घरपट्टीचं बिल आलं की दारातच उभं राहून वाचायचे. चष्मा कपाळावर चढवायचे, परत नाकावर उतरवायचे, आणि माझ्याकडे असं बघायचे की दर जणू मीच ठरवलाय. पाणीपट्टी आली की पुन्हा तेच. “नळ येतो कधी आणि पट्टी बघ केवढी!” हे ठरलेलं वाक्य. पाणी भरायला धावायचे मी, आणि चिडायचे हे.

त्यात तेल ओतलं धाकट्या भाऊजींनी. ते विजापूरला स्थायिक झालेत, तिथं त्यांची सिमेंटची एजन्सी आहे. सोलापूरला आले की त्यांचं एकच पालुपद, “दादा, आमच्या कर्नाटकात पेट्रोल स्वस्त आहे की!” मग आमचे हे काय करायचे, तर गाडी काढून भीमेच्या पुलापलीकडं जाऊन टाकी भरून यायचे. जायला-यायला जे पेट्रोल जळायचं ते कुठल्या खात्यात धरायचं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, “तुला त्यातलं कळत नाही.” बरं बाई, नसेल कळत.

आता माझं सांगते. आमच्या घराला मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिथं मी कडक भाकरी करते. करते म्हणजे आम्ही पाचजणी मिळून करतो. शाळूच्या ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं, भाकरी पलीकडचं दिसंल इतकी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर ठेवून कडक करायची. महिनाभर तरी खराब होत नाही. पुण्याला शिकायला निघालेली पोरं नेतात, परदेशी जाणारी माणसं शेंगाचटणीबरोबर बॅगेत घालतात, बाजारातले दुकानदार रोज माल उचलतात. मुलगा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा ह्यांच्या पगारात फी भागेना, म्हणून मी हे सुरू केलं. मुलगा शिकला, नोकरीला लागला, बायको घेऊन बंगळूरला गेला. काम मात्र चालू राहिलं, कारण तोवर ते माझं झालं होतं. सकाळी ती खोली उघडली की मला माणसात आल्यासारखं वाटतं. दुसरं काय सांगू?

तर एके दिवशी दुपारी मी माल पोचवून घरी आले आणि बघते तो काय, पुढच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून बाजूला, शहाबादी फरशीवर खडूनं मोठमोठे रकाने आखलेले आणि हे गुडघ्यावर बसून लिहितायत. शेजारी भाऊजी खुर्चीवर बसून मजकूर सांगतायत. एका रकान्यावर सोलापूर, दुसऱ्यावर केम, तिसऱ्यावर विजापूर.

केम हे ह्यांचं गाव, करमाळा तालुक्यात. तिथं स्टेशनजवळ एक बांधलेलं घर विकायला होतं. विजापुरात भाऊजींच्या घरामागं एक प्लॉट होता. सोलापूरचं हे घर विकायचं आणि दोन्हीपैकी जिथं कर कमी तिथं जाऊन उरलेलं आयुष्य काढायचं, असा बेत. आमच्या घराला गिऱ्हाईकसुद्धा भाऊजींनीच आणलं होतं. मला कोण विचारतंय? मला फक्त चहा टाकायला सांगितलं.

मी चहा टाकला नाही. दारात उभी राहून म्हटलं, “हे काय चाललंय?”

“तुलना,” हे म्हणाले. “भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही. शास्त्रशुद्ध तुलना करायची.”

फरशीवर एकाखाली एक लिहिलं होतं. घरपट्टी. पाणीपट्टी. मुद्रांक शुल्क. गाडीचा कर. पेट्रोल. घरपट्टीत केमची ग्रामपंचायत सगळ्यात पुढं, तिथं म्हणे वर्षाची पट्टी इथल्या मानानं चिल्लर. पेट्रोलमध्ये विजापूर पुढं. सोलापूरच्या रकान्यात ह्यांनी जिथं तिथं फुल्या मारलेल्या.

मी म्हटलं, “विजापूरला गेलात तर गाडीचं काय? एमएच तेरा नंबर तिथं चालंल का कायमचा?”

भाऊजींनी घसा खाकरला. “तिथं परत नोंदवायला लागते, वहिनी. रोड टॅक्स तिथला भरायचा. इथला परत मागता येतो.”

“परत मिळतो की नुसता मागता येतो?”

 गाडीच्या कराचा विजापूरचा चौकोन ह्यांनी हळूच ओल्या फडक्यानं पुसला. इतकी शास्त्रशुद्ध तुलना!

मग हे माझ्याकडं वळून एकदम प्रेमळ झाले. “केमचं घर तुझ्या नावावर घेऊ. आपल्याकडं बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. कर्नाटकात तसं नाही.” आणि भाऊजींकडं बघून डोळे मिचकावले, जणू मला सोन्याच्या पाटल्याच घालतायत. माझं नाव ह्यांना आठवलं ते सवलतीपुरतं. मला कळत होतं, पण मी दात-ओठ खात दारातच उभी राहिले.

आणि मग ते झालं. भाऊजी म्हणाले, “दादा, राज्याचा व्यवसाय कर राहिला की.”

ह्यांनी फरशीवर लिहिलं, ‘व्यवसाय कर’. आणि तिन्ही रकान्यांत एकामागून एक लिहीत गेले, ‘लागू नाही’, ‘लागू नाही’, ‘लागू नाही’. वर म्हणाले, “मी रिटायर. आपल्या घरात व्यवसाय कुणाचा आहे?”

मागच्या खोलीत चारजणी भाकरी थापत होत्या. थाप थाप थाप आवाज सगळ्या घरात घुमत होता. भाजलेल्या शाळूचा वास ह्यांच्या नाकात जात होता. आणि हा माणूस गुडघ्यावर बसून, शांतपणे, जराही न अडखळता विचारतो, व्यवसाय कुणाचा आहे!

मला लबाडीचा एवढा राग आला नसता. हे लबाडी करत नव्हते, तेच तर वाईट. ह्यांना खरंच तसं वाटत होतं. भाऊजींच्या सिमेंटला एजन्सी म्हणायचं, माझ्या भाकरीला काहीच म्हणायचं नाही. मुलाची फी कुठून आली? ती गाडी, जिच्या कराचा हिशेब चाललाय, तिचे हप्ते कुणी फेडले? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“मी केमला जाऊन भाकरी विकू कुणाला?” मी ओरडले. “तिथं प्रत्येक घरात चूल आहे. आणि विजापुरात तर घराघरात कडक रोट्टी करतात, तिथं माझी भाकरी कोण घेतंय? माझं गिऱ्हाईक हितं आहे. माझ्या बाया हितं आहेत. हे घर विकलं तर माझं काम बंद होतंय, ते कुठल्या रकान्यात लिहिलंत, दाखवा की मला!”

“अगं, पण आता तुला करायची गरज काय?” हे म्हणाले. “आराम कर.”

आराम कर! मी पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. तशीच त्या रकान्यांवरून चालत मागं गेले. भाऊजी “अवो वहिनी, अवो वहिनी” करत राहिले. पुढं दोन दिवस मी स्वयंपाक केला, वाढला, पण बोलले नाही. बोलायला लागले असते तर थांबले नसते. हे त्या दोन दिवसांत खडू घेऊन पुसट झालेली अक्षरं पुन्हा गिरवत होते. भाऊजींचा फोन यायचा, केमच्या घराचा मालक इसार मागतोय, लवकर कळवा. हे म्हणायचे, “कळवतो, कळवतो.” इसार एकदा दिला की संपलं, मग हे घर विकायला माझी सही गळ घालून घेतलीच असती, हे मलाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मी साडी बदलली, पर्स घेतली आणि घरपट्टीच्या कचेरीत गेले. खिडकीत एक तरुण माणूस होता. त्याला म्हटलं, “आमच्या घरातली मागची खोली धंद्याची आहे. तशी नोंद करून घ्या.”

त्यानं मान वर केली. “काय म्हणालात, काकू?”

“कडक भाकरीचा धंदा आहे माझा. त्या खोलीला राहत्या घराची पट्टी लागते, ती धंद्याच्या जागेची लावा.”

“काकू, पट्टी वाढंल.”

“मला माहीत हाय.”

“लोक कमी करून घ्यायला येतात हो!”

“येऊ द्या की लोकांना. मी माझी वाढवायला आले.”

त्यानं शेजारच्या टेबलावरच्या बाईला हाक मारली, ती येऊन माझ्याकडं बघून गेली. कुणाचा कुणावर दावा आहे का, भावाभावांत भांडण आहे का, असं त्यानं आडून विचारलं. घर दोघांच्या नावावर आहे, मालकीणच आले आहे, असं मी ठणकावून सांगितलं. शेवटी त्यानं अर्ज घेतला आणि मोजायला माणूस येईल म्हणाला. मी बाहेर पडले तेव्हा पाय हलके झाले होते. कोपऱ्यावर उभी राहून उसाचा रस प्याले, एकटीच.

घरी मात्र मी कुणाला काही बोलले नाही. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी अर्ज मागं घ्यायला लावला असता. बायांना सांगायला हवं होतं, पण कामाच्या गडबडीत राहून गेलं. आणि तिथंच घोटाळा झाला.

त्याचं असं आहे. आमच्या घरात एक जुनी रीत होती. घरपट्टीचा माणूस बोळात दिसला की ह्यांनी मोठ्यानं खोकायचं. खोकला ऐकला की मागच्या खोलीत शेगड्या बंद करायच्या, पराती पलंगाखाली सारायच्या, आणि बायांनी पदर सारखा करून भिंतीशी ओळीनं बसायचं. कुणी विचारलंच तर सांगायचं, आम्ही पाहुण्या आहोत. धंदा दिसला तर पट्टी वाढेल, म्हणून ही सगळी खटपट. दारावर पाटीसुद्धा त्याचमुळं कधी लागली नाही. गिऱ्हाईक बिचारं वास घेत घेत, विचारत विचारत यायचं. ही रीत घालून दिली ह्यांनी, आणि इतकी मुरली होती की नवीन येणाऱ्या बाईला मीठ किती घालायचं ते सांगायच्या आधी खोकल्याचं सांगितलं जायचं.

मोजणीचा माणूस आला तेव्हा मी गच्चीवर पीठ उन्हात टाकत होते. खालून ह्यांचा खोकला ऐकू आला. काय खोकला तो! सगळा बोळ हादरला असेल.  पिठाच्या हातानं तशीच जिना उतरून धावत खाली आले, तर काय बघायचं?

शेगड्या बंद. तवे झाकलेले. चारीजणी भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन, जेवायला बोलावलेल्या सवाष्णींसारख्या बसलेल्या. हे दारात उभे, चेहऱ्यावर गोड हसू, आणि त्या माणसाला म्हणतायत, “नाही हो साहेब, काहीतरी चूक झाली असेल तुमची. घरगुती आहे सगळं. बायकोचा नाद आहे, चार भाकरी करती कधीमधी.”

त्या माणसाच्या हातात माझा अर्ज होता. तो एकदा अर्जाकडं बघत होता, एकदा ह्यांच्याकडं. मग त्यानं आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईला विचारलं, “मावशी, तुम्ही कोण?”

ही मावशी विणकराच्या घरातली. घरात तेलुगू बोलते, आमच्यात मराठी. माझ्याकडं पहिल्या दिवसापासून आहे. नवरा गेला तेव्हा तिसऱ्या आठवड्यात कामावर आली, कारण घरी बसलं की जास्त त्रास होतो म्हणाली. तिच्या भाकरीला आजवर कधी चीर पडलेली मी बघितली नाही. ती खाली मान घालून, शिकवल्याप्रमाणं म्हणाली, “पाव्हणी हाय जी.”

“पाहुण्यांच्या हाताला पीठ कसं काय?” तो माणूस हसला.

पदराबाहेर आलेला हात तिनं पटकन आत ओढून घेतला. तोंड असं झालं की जणू चोरी करताना सापडली. आयुष्यभर कष्ट केलेली बाई, माझ्या घरात, कष्टाच्या पिठाची लाज वाटून हात लपवते! मला तिथं भडभडून आलं. आणि रागही असा आला, असा आला की मी ह्यांना बाजूला सारून आत गेले.

“ही पाव्हणी न्हाय!” मी म्हटलं. माझ्या तोंडात माहेरची बोली कधी आली मला कळलंच नाही. “कामाला हाय माझ्याकडं. चौघीपण. पगार देते मी त्यांस्नी. हा माझा धंदा हाय, अर्ज मी केलाय, आणि हे कायबी सांगूद्यात, तुमी टेप काढा आणि खोली मोजा.”

 ह्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

मग करमाळ्याकडची, बोळात सून होऊन आलेली एक तरुण पोर आहे आमच्यात, तिनं हळूच विचारलं, “अक्का, मंग शेगडी पेटवू का?”

“पेटव,” मी म्हटलं. “सगळ्या पेटव.”

तिनं शेगड्या पेटवल्या. पराती बाहेर आल्या. तो माणूस टेप धरून भिंतीभिंतीनं फिरला, तिनं टेपचं दुसरं टोक धरलं. मावशी मात्र जागची उठली नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती एवढंच म्हणाली, “आदी सांगायचं नाही का, अक्का? उगं खोटं बोलले की मी.”  मी तिचा हात धरला आणि तिला उठवलं.

मोजणीवाला जाताना भाकरीचं बंडल घेऊन गेला. मी फुकट देत होते, त्यानं घेतलं नाही, पैसे मोजून दिले. ह्यांनी ते बघितलं. संध्याकाळपर्यंत हे पुढच्या खोलीत पेपर उलटासुलटा करत बसले होते. एकदा म्हणाले, “केवढी पट्टी वाढेल, कल्पना आहे का तुला?”

“आहे,” मी म्हटलं. “मी भरणार आहे. माझ्या धंद्यातनं.”

“लोक काय म्हणतील? उलट जाऊन वाढवून घेतली!”

“लोकांना सांगा, हिला व्यवसाय कर लागू आहे का तेसुद्धा हिला बघायचंय. लागू असेल तर तोही भरणार आहे.”

ह्यावर ह्यांनी कपाळाला हात लावला. मी आत गेले. दुसऱ्या दिवशी दुकानदारांचा माल द्यायचा होता आणि सकाळचा सगळा खोळंबा झाला होता. आम्ही पाचजणी अंधार पडेस्तोवर थापत होतो.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. आवाजावरून कळलं की भाऊजी आहेत. केमवाला आता थांबायला तयार नव्हता, इसार उद्याच्या उद्या हवा म्हणत असावा. माझा हात परातीत थांबला. मावशीचाही थांबला. सगळ्याच ऐकत होतो.

हे बराच वेळ नुसतं हं, हं करत होते. मग म्हणाले, “नाही रे, नाही जमायचं. घर विकायचं नाही.” पलीकडून भाऊजी काहीतरी बोलले. हे अगदी खालच्या आवाजात, कुणी ऐकेल की काय अशा बेतानं म्हणाले, “हिचा धंदा आहे इथं.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या मागोमाग परत तिडीक गेली डोक्यात. इतकी वर्षं ह्यांच्या ताटात ह्याच खोलीतनं भाकरी गेली, पोराची फी ह्याच खोलीतनं गेली, आणि हे एवढंसं वाक्य ह्यांच्या तोंडातनं निघायला परका माणूस टेप घेऊन घरात यावा लागला. आणि निघालं तेही कुजबुजत!

“परत सांगा,” मी आतून ओरडले. “भाऊजींना ऐकू आलं नसंल!”

 मग ह्यांनी खरोखरच घसा साफ केला आणि परत सांगितलं, मोठ्यानं.